नवे कार्ड आणि जुनी घरघर



वसंतातल्या या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय शोभतात. तेथे संगणकाच्या स्पीकरमधून येणारी घरघर हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे कित्येकांना नवल वाटले असेल. परंतु संगणक आता घरोघरी आला आहे. कोणी त्यावर गाणे ऐकतो, कोणी जुन्या ध्वनिफिती उतरवून ठेवतो. शिवाय ही घरघर घालविण्याचा जो उपाय आपल्याकडे सर्रास सुचविला जातो, तो जिवावर बेतणारा आहे. यास्तव हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रकार नेहमी असा घडतो. संगणक चार-पाच वर्षांचा होतो. चित्रे अधिक वेगाने उमटावीत म्हणून त्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवितात. त्याच संध्याकाळी गाणे लावावे, तो पाठीमागे एक घरघर! माउस हलविला की तिचा सूर बदलतो. मालक म्हणतो, कार्ड सदोष आहे. दुकानदार ते बदलून देतो. दुसऱ्या कार्डाचीही तीच तऱ्हा. मग दुकानदारावर राग, कंपनीवर राग, आणि शेवटी स्वतःच्या नशिबावर राग.

आपल्याकडे याला काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे; कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, की लोक कावळ्याला जबाबदार धरतात. मात्र आमच्या प्रकरणातला कावळा अगदीच निरपराध नसतो. फांदी आधीच किडलेली असते, आणि कावळ्याच्या वजनाने ते उघडकीस येते. नव्या भागाने बहुधा नवा दोष आणलेला नसतो. घरात आधीपासून असलेल्या दोषाला त्याने वाचा फोडलेली असते. आजच्या व्याख्यानाचे सार विचाराल तर एवढेच आहे.

आता मुळाशी जाऊ. 'आवाज येतो' या दोन शब्दांत तीन निरनिराळे रोग दडलेले असतात, आणि रोग न ओळखता औषध देणे व्यर्थ होय.

पहिला रोग ओळखण्यास स्पीकर बंद करावा. तरीही आवाज येत असेल, तर तो तारांतून येत नसून संगणकाच्या पेटीतूनच येतो. पंख्याचा आवाज सर्वांना कळतो. परंतु कार्डावर तांब्याच्या तारेची लहान वेटोळी असतात, आणि त्यांतील विजेचा प्रवाह झपाट्याने कमीजास्त झाला म्हणजे ती वेटोळी सूक्ष्मपणे थरथरून शिट्टीसारखा आवाज काढतात. कार्ड एका सेकंदात शेकडो चित्रे विनाकारण काढीत असेल तेव्हा ही शिट्टी जोर धरते. चित्रांची संख्या 60 वर मर्यादित केली की पुष्कळदा ती मंदावते. तिने कसलाही धोका नाही.

दुसऱ्या रोगात अखंड घरघर नसते. गाणे मध्येच तुटते, 'टक्' असा आवाज येतो. हा दोष वेळेचा आहे. संगणक एका सेकंदाच्या ध्वनीचे सामान्यतः 48,000 नमुने पुरवितो, आणि ते एका लहान साठ्यात भरून ठेवतो. साठा 480 नमुन्यांचा असेल, तर तो सेकंदाच्या शंभराव्या भागात संपतो. पाणपोईवरचा रांजण भरणारा माणूस क्षणभर दुसऱ्या कामात अडकला, की रांजण कोरडा पडतो. तद्वतच नव्या कार्डाच्या ड्रायव्हरने प्रोसेसरला तेवढा वेळ अडवून धरले की ध्वनी तुटतो. नवा ड्रायव्हर घालणे, किंवा रांजण थोडा मोठा करणे, हा त्यावर उपाय. येथे तार बदलून काहीही साधत नाही.

तिसरा रोग हाच खरा आपला विषय. स्पीकरमधून अखंड येणारी घरघर दोन जातींची असते. एक खर्जातील गुणगुण. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने ती 50 किंवा 100 हर्ट्झच्या आसपास ऐकू येते. पेटी वाजविणाऱ्यांसाठी सांगतो, 100 हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. दुसरी जात चिरचिरी. पडद्यावर चित्र हलले की तिचा सूर हलतो. पहिली घराच्या विजेची, दुसरी संगणकाच्या पोटातली.

ती स्पीकरपर्यंत पोहोचते कशी? नवे कार्ड 300 वॉट वीज घेत असेल, तर 12 व्होल्टवर तो प्रवाह 25 अँपिअर होतो. आला तेवढा प्रवाह परत गेला पाहिजे. परतीची मुख्य वाट जाड तारांची आहे खरी. पण संगणकाची लोखंडी पेटी, निरनिराळ्या केबलींची आवरणे, ही सारी त्याच वाटेला जोडलेली असतात. वीज आपण आखून दिलेल्या एकाच वाटेने जात नाही. मिळेल त्या प्रत्येक वाटेने थोडीथोडी जाते. समजा, त्यातील एकच अँपिअर अशा आडवाटेने गेला आणि त्या वाटेचा रोध एका ओहमचा हजारावा भाग असला, तरी तेथे एक मिलिव्होल्ट उभा राहतो. स्पीकरकडे जाणारा ध्वनीचा संदेशच मुळी सुमारे 316 मिलिव्होल्टचा. म्हणजे गाण्याच्या तीनशेव्या हिश्शाएवढी घरघर गाण्यात मिसळली. लग्नाच्या बँडमध्ये ती कोणाला ऐकू येणार नाही. विलंबित आलापात मात्र बोचत राहील.

त्यात संगणक एका भिंतीवरच्या सॉकेटला आणि अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावलेला असला, तर दोघांच्या अर्थिंगच्या तारा आणि मधली ध्वनीची केबल मिळून एक मोठे कडे तयार होते. या कड्यातून फिरणारा प्रवाह गुणगुण होऊन बाहेर पडतो. उपकरणे बनविणारेही येथे सर्वस्वी निर्दोष नाहीत. केबलचे आवरण उपकरणाच्या धातूच्या पेटीला न जोडता आतल्या नाजूक मंडलाला जोडण्याची खोड किती अनर्थ करते, हे नील मन्सी यांनी 1995 साली दाखवून दिले. पुढे 2005 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने यासंबंधी एक मानकही प्रसिद्ध केले.

निदान कसे करावे? तर्कशास्त्रातील अन्वय-व्यतिरेक येथे उपयोगी पडतो. जे असता घरघर असते आणि जे नसता ती नसते, ते शोधावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय झाले ते कागदावर लिहावे. स्पीकरचा आवाज कमी करून संगणकाच्या बाजूची ध्वनीची केबल काढावी; घरघर थांबली तर स्पीकर निर्दोष. पुन्हा जोडून संगणकातील आवाजाची पट्टी खाली न्यावी. गाणे मंदावले पण घरघर तेवढीच राहिली, तर ती त्या पट्टीच्या पलीकडे शिरते आहे. त्याच केबलीला संगणकाऐवजी मोबाइल जोडून पाहावा. चार्जर मात्र लावू नये. शांतता झाली, तर दोष संगणकाच्या अर्थिंगमधून जाणाऱ्या कड्याचा. हेडफोन पेटीच्या पुढच्या भोकात घरघरतो आणि मागच्या भोकात शांत असतो, तर पुढे जाणारी आतली बारीक तार नव्या कार्डाच्या अंगावरून गेली आहे, असे समजावे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ जुन्या मैफलींच्या कॅसेट संगणकावर उतरवून ठेवतात. नवे कार्ड घेतल्यावर प्रत्येक ध्वनिमुद्रणात घरघर उतरू लागली. कित्येक कॅसेटी इतक्या जीर्ण, की त्या पुन्हा वाजतील याची शाश्वती नाही. आज उतरलेली घरघर कायमचीच. त्यांनी प्रथम अँप्लिफायर व संगणक एकाच बोर्डावर लावले. गुणगुण गेली, चिरचिर राहिली. मग मध्ये ध्वनीसाठीचा एक लहान अलगीकरण ट्रान्सफॉर्मर बसविला. तो चुंबकत्वाच्या द्वारे ध्वनी पलीकडे नेतो, पण दोन्ही बाजूंचा धातूचा संबंध तोडतो. चिरचिरही गेली. कार्ड तेच आहे. नुसता स्पीकरकडे ध्वनी न्यावयाचा असेल, तर प्रकाशाने ध्वनी नेणारी केबलही चालते. तोशिबाने ती 1983 साली आणली. काचेतून वा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून कडे आपोआप तुटते.

या गृहस्थांना ट्रान्सफॉर्मरच्या आधी एका कारागिराने दुसराच उपाय सांगितला होता, आणि त्यासाठीच आम्ही आज येथे उभे आहोत. 'प्लगची वरची जाड पिन काढून टाका, घरघर जाते.' श्रोतेहो, घरघर खरोखर जाते! म्हणूनच हा सल्ला पसरतो. पण ती पिन इतर दोघींपेक्षा लांब व जाड का केली आहे? सॉकेटमध्ये ती प्रथम लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. संगणकाच्या पॉवर सप्लायमधील गाळणीतून थोडी वीज मुद्दामच भूमीकडे सोडलेली असते. अर्थिंग तुटले की ती पेटीवर अडकते, आणि हात लावताच झिणझिण्या येतात. ही तर नुसती सूचना. उद्या आत एखादी तार सोलवटून पेटीला टेकली, तर सारे 230 व्होल्ट त्या लोखंडावर येतील. आणि प्रवाहाला परतीची वाट नसल्याने फ्यूज उडणार नाही, की एमसीबी पडणार नाही. वाट सापडेल ती पेटीला हात लावणाऱ्या मुलाच्या देहातून. झिणझिण्या येत असतील, तर घरघरीचा विचार बाजूला ठेवून आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. घरघर ध्वनीच्या तारेत तोडावी. अर्थिंगच्या तारेत कधीही तोडू नये.

घरात नवी सून आली आणि त्याच आठवड्यात भिंतीची भेग दिसली, तर भेग तिच्या पायगुणाने पडली असे म्हणणारी माणसे अजून आहेत. भेग जुनी असते; सुनेने झाडताना फक्त पडदा बाजूला केलेला असतो. नव्या कार्डाला दुकानात परत धाडण्यापूर्वी आपण भिंत एकदा पाहावी, आणि तिसऱ्या पिनेला कोणालाही हात लावू देऊ नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.