गरम पाण्याचा दाब : गिझरला दोष देण्याआधी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



पंचवीस वर्षांत आपल्या सभांमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला असेल? पार्किंगवर नाही, मेंटेनन्सवरही नाही. पाण्यावर. आणि त्यातही दिवाळीनंतर भोरला थंडी पडली, की तिसऱ्या मजल्यावरून एकच तक्रार येते : गरम पाण्याची धार करंगळीएवढी येते, बादली भरेपर्यंत पाणी निवतं. पुढच्या सर्वसाधारण सभेत पंपाचा ठराव येणार आहे. हात वर करण्याआधी प्रकरण काय आहे ते सर्वांना कळावं, म्हणून कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत. मी इंजिनिअर नाही, माझी नोकरी बँकेत झाली. पण कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही त्या नोकरीची सवय. म्हणून गिझरची पुस्तिका वाचली आणि प्लंबरच्या मागे गच्चीवरही हिंडलो.

आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुळं वेल्ह्याकडच्या आणि हिर्डोशी खोऱ्यातल्या गावांत आहेत. तिथल्या घरांतला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. काही बंबांना अशी सोय असायची की एका बाजूने गार पाणी ओतलं तरच दुसऱ्या बाजूने कढत पाणी घंगाळात पडायचं. तांब्याभर ओता, तांब्याभर घ्या. आपला गिझर म्हणजे हाच बंब, फक्त निखाऱ्यांच्या जागी कॉइल आली. गिझर पाणी तापवतो, ढकलत नाही. खालून शिरणारं गार पाणीच वरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर गिझर हा काउंटरवरचा कॅशियर. तिजोरीतून रोकड आली नाही, तर तो कुठून देणार?

इथे एक गैरसमज काढून टाकू. गिझरच्या पट्टीवर 8 बार असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुकानदारही सांगतो, घ्या, आठ बारचा आहे, जोरात येईल. तो आकडा गिझर किती दाब सोसू शकतो याचा आहे, देतो किती याचा नाही. चार मजली इमारतीत तेवढा दाब कधीच येत नाही. म्हणजे धार वाढावी म्हणून जास्त बारचा गिझर घेणं हा निव्वळ वायफळ खर्च.

मग दाब येतो कुठून? उंचीवरून. आपलं भाटघर धरण बघा, 1928 सालचं. येळवंडीच्या खोऱ्यात पाणी मैलोन्‌मैल पसरलेलं आहे, पण भिंतीच्या पायथ्याशी दाब किती हे त्या पसाऱ्यावर ठरत नाही, भिंतीपाशी पाणी किती उंच उभं आहे त्यावर ठरतं. त्याच दाबावर पायथ्याचं वीजकेंद्र चालतं. टाकी दहा हजार लिटरची केली तर दाब वाढेल, असं मागच्या सभेत कोणीतरी म्हणालं होतं. नाही वाढणार. पाणी जास्त वेळ पुरेल इतकंच.

हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब, चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. आपल्या टाकीचा तळ गच्चीच्या स्लॅबपासून दीड मीटरवर आहे आणि तिसऱ्या मजल्यावरचा शॉवर स्लॅबच्या खाली एक मीटर. झाले अडीच मीटर, म्हणजे पाव किलो. तळमजल्याला आणखी तीन मजल्यांचे नऊ मीटर मिळतात, म्हणजे साडेअकरा मीटर, एक किलोच्या वर. दाब साडेचार पट, पाणी मात्र दुपटीहून थोडं जास्त, कारण दाबाच्या पटीत धार वाढत नाही. मेंटेनन्स दोघांचा सारखाच. तेव्हा वरचे लोक उगाच कुरकुर करतात असं कृपा करून म्हणू नका. ते मोठ्या चकतीचे नवे शॉवर मात्र पाव किलोवर चालणारच नाहीत, मग ते कितीही महाग असोत.

आता घरात काय तपासायचं? दहा लिटरची बादली घ्या आणि घड्याळ. गार नळ पूर्ण सोडून बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. मग तसंच गरम नळावर. दोन्ही सारखेच मंद असतील तर गिझर निर्दोष. दोष उंचीचा, टाकीच्या व्हॉल्वचा किंवा जुन्या गंजलेल्या जीआय पाइपचा. गार जोरात आणि गरम मंद असेल, तर मात्र दोष गिझरच्या आसपास.

तिथे बहुतेक वेळा क्षार सापडतो. धरणाचं पाणी मऊ, पण उन्हाळ्यात आपण बोअरचं मिसळतो, आणि आपल्या काळ्या कातळातल्या बोअरचं पाणी जड असतं. जड पाणी तापलं की क्षार खाली बसतो, म्हणून गरम बाजूच आधी चोंदते : कॉइल, गिझरचं तोंड, मिक्सरची जाळी. जाळी आणि शॉवरची चकती व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून ब्रशने घासली तर अर्ध्या तक्रारी संपतात. राहिलेल्या तक्रारींत गार पाणी आत घेणारा व्हॉल्व अडकलेला असतो, किंवा जोडनळीतलं रबर फुगून भोक अरुंद झालेलं असतं. हे काम प्लंबरचं, आणि तेही स्विच बंद करून. टाकी धुतल्यावर दोन दिवस गरम पाणी फसफसत येतं, ती पाइपात अडकलेली हवा. स्विच बंद ठेवून सगळे गरम नळ थोडा वेळ सोडून ठेवा, बहुधा निघून जाते.

आता जरा गंभीर. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब पडतात म्हणून त्याला बूच मारलेलं मी पाहिलं आहे. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटरला जवळपास अर्धा लिटर. त्याला वाट हवी. ती बंद करणं म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी डांबून टाकणं. दुसरं, गॅस गिझर. कमी दाबाला तो पेटतच नाही, कारण आतला पडदा उचलायला पाण्याचा जोर लागतो. मग लोक पंप बसवून तो बंद बाथरूममध्ये चालवतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि दार आतून बंद. आपल्या राज्यात याने माणसं गेली आहेत. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. यात घासाघीस नाही.

राहिला पंप. प्रत्येकाने आपापला पंप सामाईक उतरत्या पाइपवर लावला, तर तो शेजाऱ्याचं पाणी ओढतो आणि खालच्या नळातून नुसती हवा येते. हे इथे घडून गेलेलं आहे, नावं घेत नाही. टाकी उंच करण्याची सूचना आहे, पण एक मीटर चढवली तर मिळणार एक दशांश किलो. शिवाय पाच हजार लिटर म्हणजे पाच टन वजन, पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तो विषय नको.

माझ्या मते टाकीपासून फक्त तिसऱ्या मजल्यासाठी वेगळी लाइन टाकावी, तिच्यावर एकच छोटा पंप, आणि वीज गेली तर पाणी आपोआप उतरेल अशी बाजूची वाट ठेवावी. किलो-सव्वा किलो दाब पुष्कळ झाला. ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांची लाइन यात जोडायची नाही. त्या टाक्या दाबासाठी बनवलेल्या नसतात आणि त्यांची हवेची उभी नळी उघडीच राहायला हवी. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा की फक्त वरच्यांनी, यावर भांडण होणार हे मला दिसतंय. मी स्वतः तळमजल्यावर राहतो आणि माझं मत सगळ्यांनी वाटून घ्यावा असं आहे. गच्ची गळली तेव्हा खर्च आपण वाटूनच घेतला होता.

सभेपूर्वी एक काम करा. बादलीचे दोन्ही आकडे, गार आणि गरम, सकाळी सातच्या सुमारास मोजा आणि ऑफिसातल्या वहीत आपल्या फ्लॅट नंबरासमोर लिहा. वही वॉचमनकडे ठेवली आहे, पेन मात्र आपलं आणा.