घरी बांधलेला पाच वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प

आज गिटारचा छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घरी बांधण्याबद्दल बोलू. सोल्डरिंग येतं आणि मल्टिमीटर वापरता येतो, असं धरून चालतोय. येत नसेल तर आधी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं एखादं पेडल बांधा. कारण इथे आत तीनशे व्होल्टच्या वर डीसी असतो.

नमुना म्हणून फेंडरचा १९५० च्या दशकातला चॅम्प घेऊ, ५एफ१ सर्किटचा. व्हॉल्व्ह फक्त तीन. १२एएक्स७ च्या एकाच काचेत दोन ट्रायोड असतात. पहिला गिटारचा सिग्नल वाढवतो, मग व्हॉल्यूम, मग दुसरा. पुढे ६व्ही६ स्पीकर हलवतो आणि ५वाय३ एसीचा डीसी करतो. टोनचं बटणसुद्धा नाही.

पाच वॅट म्हणजे फारच कमी, असं वाटेल. पण कानाचा हिशेब वेगळा आहे. पन्नास वॅटचा अ‍ॅम्प पाच वॅटच्या साधारण दुप्पटच मोठा ऐकू येतो. आणि व्हॉल्व्हचा आवाज फाटायला लागतो ना, तीच तर गंमत. ती घरातल्या खोलीत मिळवायची तर छोटाच अ‍ॅम्प हवा.

रेझिस्टर, कपॅसिटर लॅमिंग्टन रोडला मिळतात. पॉवर ट्रान्सफॉर्मर मात्र नीट बघा. अमेरिकन नकाशातला प्रायमरी ११७ व्होल्टचा असतो, आपल्याला २३० चा हवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. जुन्या चॅम्पला दोनच पिनांचा प्लग होता. ते तसंच उचलू नका. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून थेट अ‍ॅम्पच्या चासीला जोडलेल्या असतात. चासीत करंट उतरला, तर तो वाजवणाऱ्याच्या हातात येतो. म्हणून तीन पिनांची वायर घ्या, अर्थची वायर स्वतंत्र बोल्टने चासीला कसा, आणि घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थ आहे ना, तेही तपासून घ्या.

दुसरं म्हणजे, स्विच बंद केला तरी फिल्टर कपॅसिटर भरलेलेच असू शकतात. आत हात घालण्याआधी प्लग काढा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कपॅसिटर आणि चासीमध्ये काही सेकंद धरा. मग मीटरने मोजा. मीटर शून्याजवळ आला की मगच हात. चालू अवस्थेत मोजायचं असेल, तर एक हात खिशात.

पहिल्यांदा चालू करताना आपल्या रेडिओवाल्यांचा सिरीज बोर्ड वापरा. त्यात फिलामेंटचाच बल्ब लावा, एलईडी चालणार नाही. आधी व्हॉल्व्ह न लावता हीटरच्या वायंडिंग तपासा: ६.३ व्होल्ट, आणि ५वाय३ साठी ५. मग स्पीकर जोडून तिन्ही व्हॉल्व्ह लावा. स्पीकरशिवाय अ‍ॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

सगळं बरोबर असूनही अ‍ॅम्प जोरात किंचाळला, तर घाबरू नका. स्पीकरकडून दुसऱ्या ट्रायोडकडे येणारा फीडबॅक उलटा पडलाय. बंद करा, कपॅसिटर रिकामे करा आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा.

शेवटी बोर्ड काढून थेट मेनवर ६व्ही६ चा करंट बघा. कॅथोडला ४७० ओहमचा रेझिस्टर आहे. त्यावर १८ व्होल्ट मिळाले, तर १८ भागिले ४७०, म्हणजे सुमारे ३८ मिलिअँपिअर. याला प्लेट ते कॅथोडच्या व्होल्टेजने गुणा. ३०० व्होल्ट असतील तर साडेअकरा वॅटच्या आसपास. ६व्ही६ ची जुनी मर्यादा १२ वॅटची, म्हणजे जमलं.

हे सगळं करायला एखादी संध्याकाळ जास्त लागेल. लागू द्या. व्हॉल्यूम बाराला नेऊन पहिली कॉर्ड वाजवताना हात निर्धास्त असले पाहिजेत.