काम करताना गाणं लावावं का?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडपात कर्णा लागलेला असताना मला 'संगीत आणि एकाग्रता' ह्या विषयावर बोलायला सांगितलंय, ही अध्यक्षांची गंमतच असावी. मी गायक नाही आणि मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून सरकारी खात्यात उपयंत्री म्हणून लागलो. दिवसभर रस्ते, मोऱ्या आणि एस्टिमेट. तेव्हा अनुभवाचंच सांगतो.

आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून कामाबरोबर गाणं असतंच. मीही एस्टिमेट करताना कानात नाट्यगीतं लावायचो. काही वर्षांपूर्वी एका मोरीची लांबी 16.20 मीटरऐवजी मी 12.60 लिहिली. काँक्रीट, सळई, सगळेच आकडे त्याप्रमाणे कमी आले. साहेबांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. ते पान लिहिताना मी एका आवडत्या पदाबरोबर मनात गुणगुणत होतो, हे मी साहेबांना काही सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतोय.

त्यानंतर ह्या विषयावर थोडं वाचलं. आकडे किंवा मजकूर लक्षात धरताना आपण ते मनातल्या मनात म्हणत असतो. त्याच वेळी कानावर दुसरे शब्द पडले की दोघांची ओढाताण होते. म्हणून नुसत्या वाद्यांपेक्षा शब्दांचं गाणं जास्त अडथळा करतं. मोझार्ट ऐकला की बुद्धी वाढते, असंही आपण ऐकतो. 1993 सालच्या त्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांनी दहा मिनिटं मोझार्ट ऐकला आणि मग आकृत्यांची कोडी सोडवली. सोडवताना संगीत चालू नव्हतं, आणि परिणामही दहा-पंधरा मिनिटांपुरताच होता.

मग कामात गाण्याचा उपयोग नाहीच का? आहे ना! आपल्या आज्या-पणज्या जात्यावर ओव्या म्हणत, त्यानं हाताला लय मिळे आणि कष्ट हलके होत. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, बीबीसीनं कारखान्यांतल्या कामगारांसाठी रोजचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. दोन्हीकडे काम हातांचं, आणि पुन्हा पुन्हा तेच.

तेव्हा मोदक वळताना, कपाट आवरताना खुशाल गाणं लावा. हिशेब किंवा लिखाण असेल तर बासरी, संतूर, तेही हळू आवाजात. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या गप्पा कानावर येत असतील, तेव्हा त्याचा विशेष उपयोग होतो. नवीन काही शिकायचं असेल तर शांतताच बरी. आणि आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा झुमऱ्यातला विलंबित ख्याल कामाच्या मागे लावूच नये. तो हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायचा.

हे सगळं ज्ञान मी माझ्या अकरावीतल्या मुलीला सुनावलं. ती नाट्यगीतं लावून अभ्यास करते. माझी जुनी चूकही सांगितली. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला शब्द कळतात म्हणून तुमचं लक्ष जातं. मला कुठे कळतात? मला नुसती चालच ऐकू येते."

मी गप्प झालो. आम्ही घरी मराठीच बोलतो. पण बोलणं म्हणजे 'जेवायला ये', 'दार लाव', 'किती वाजता येशील' एवढंच. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी. आजोबांची आवडती पदं तिच्या कानावर रोज पडत होती आणि अर्थ मात्र बाहेरच राहत होता. ते माझ्या कधी लक्षातही आलं नाही, कारण गाणं आमच्या घरी नेहमी मागेच वाजत राहिलं. ते कुणी समोर बसून ऐकलंच नाही.

तेव्हापासून जेवणं झाल्यावर रोज एक पद आम्ही दोघं नुसतं ऐकतो. मोबाइल बाजूला. ती अडलेला शब्द विचारते. मलाही पुष्कळदा येत नाही, मग शब्दकोश काढतो.

गेल्या महिन्यात ती अभ्यासाला बसली आणि तिनं स्वतःच गाणं बंद केलं. मी विचारलं, "का गं?" तर म्हणाली, "आता लक्ष जातं."

तिच्या मार्कांची काळजी आहेच. पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं. तुमच्याही घरात काम करताना गाणं लावायचं की नाही, ते कामाप्रमाणे ठरवा. पण दिवसातून एक गाणं मुलांना जवळ बसवून ऐका.

गणपती बाप्पा मोरया!