लेकराला काय चालत नाही, हे चुलीपाशी माहीत हवं

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत एका अंगणवाडी सेविका ताईंनी केलेलं भाषण. ताई स्वतः गटाच्या सदस्य आहेत.)



आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे. लसीकरण, वजन, हिमोग्लोबिन यावर आपण बैठकीत बोलतो. आज जरा वेगळा विषय घेते. काही लेकरांना एखादा पदार्थ अजिबात चालत नाही. डॉक्टर त्याला अन्नाची ॲलर्जी म्हणतात.

हा विषय इथेच का? अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो, आणि बऱ्याच गावांत तो शिजवतात आपलेच बचत गट. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी सुरू झाली की आई सकाळीच शेतात जाते. लेकरू अंगणवाडीत नाहीतर आजीजवळ राहतं. त्याला काय चालत नाही हे आईला माहीत असतं. पण वाढणारा हात दुसऱ्याचा असतो.

आधी ॲलर्जी म्हणजे काय ते बघू. साध्या अन्नालाच शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याशी भांडायला उठतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. दूध, अंडं, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, तीळ, काजू, मासे यांनी हे जास्त होतं. आपल्याकडे काही मुलांना हरभरा, मसूर यांचाही त्रास दिसतो. दूध पिऊन नुसता गॅस होणं किंवा तिखटाने तोंड भाजणं, ही ॲलर्जी नव्हे.

आपण काय म्हणतो? "पित्त उठलं", "नजर लागली". मग आमसूल लावतो, मीठ-मोहऱ्या ओवाळतो. खाज कमी होईलही, पण पुढच्या वेळी तोच पदार्थ पुन्हा ताटात येतो. म्हणून त्रास झाला की लिहून ठेवा: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं. डॉक्टरला या चार ओळींचा फार उपयोग होतो. अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. पथक येईल त्या दिवशी ही चिठ्ठी दाखवा आणि पुढे कुठे न्यायचं ते विचारा. त्रास जास्त असेल तर पथकाची वाट बघू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

आता उलटी बाजू. भीतीपोटी सगळंच बंद करायचं नाही. वजन कमी असलेल्या लेकराचं दूध, अंडं, शेंगदाणा उगाच तोडला तर ते कुपोषणात जाईल. इंग्लंडमध्ये ६४० बाळांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ साली छापून आला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना लहानपणापासून शेंगदाणा दिला, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी पुष्कळ कमी निघाली. म्हणून सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू करताना मऊ कूट पातळ करून द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला देऊ नका, घशात अडकतो. बाळाला आधीच मोठा इसब किंवा अंड्याचा त्रास असेल, तर डॉक्टरला विचारूनच द्या. दूध-अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. पण ती गेली का, हे घरी चाखवून बघू नका.

स्वयंपाक करणाऱ्या तायांनो, तुमच्यासाठी चार गोष्टी.

१. मुलाचं नाव आणि न चालणारा पदार्थ मोठ्या अक्षरात चुलीपाशी लावा. सेविका, मदतनीस आणि बदली येणारी बाई, तिघींना तोंडीही सांगा.

२. त्या लेकराचं ताट सगळ्यात आधी वाढा. कूट गंजात पडायच्या आधी त्याची उसळ वेगळी काढा. कूट पडल्यावर दाणे वेचून काढले तरी उपयोग नाही.

३. त्याचा डाव, सराटा, वाटी वेगळी ठेवा. भांडी साबणाने धुवा, नुसती विसळू नका.

४. वाढदिवसाचा लाडू, संक्रांतीचा तिळगूळ, चिक्की बाहेरून येते. ते वाटायच्या आधी विचारा. त्या लेकराला दुसरा खाऊ द्या, त्याला एकटं बसवू नका.

आता जिवावरचं बोलते. खाल्ल्यावर श्वासाला घरघर लागली, आवाज बसला, जीभ सुजली, लेकरू लुळं पडलं किंवा उलट्यांसोबत अंगावर गांधी आल्या, तर लगेच १०८ ला फोन करा. लेकराला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा, पण चालवू नका. उलटी काढायला बोटं घालू नका, काही पाजू नका. यावर खरं औषध म्हणजे मांडीत द्यायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. खाजेच्या गोळीवर विसंबून वेळ घालवू नका. बरं वाटलं तरी त्रास काही तासांनी परत उठू शकतो, म्हणून डॉक्टर सोडतील तेव्हाच घरी आणा.

आपण चटणी, चिवडा, लाडू विकतो, तिथेही हीच जबाबदारी आहे. २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे पाकिटावर शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन असे घटक असतील तर ते वेगळे लिहावे लागतात. आपल्या पाकिटावर ते आहेत का, आजच बघा. विकतचं पाकीट घेतानाही वाचा. वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्या.

शेवटी एवढंच. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की प्रत्येक गटाने एक प्रश्न विचारावा: "आपल्या कुणाच्या घरात असं लेकरू आहे का?" असेल तर त्याचं नाव अंगणवाडीत पोचवा. सहावं वर्ष संपून लेकरू शाळेत गेलं की तिथल्या स्वयंपाकी ताईलाही सांगा. तपासणीला जायला भाड्याचे पैसे नसतील तर गटाचं अंतर्गत कर्ज आहे, ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी आहे. पैशावाचून कुणाची तपासणी अडू देऊ नका.