डॉट पीएचपी मागणारा पाहुणा

वाशिमहून बोलतोय. आजचा विषय छोटा आहे, पण मला महागात पडलेला.

रिसोड-मालेगावकडच्या कास्तकारांसाठी मी एक वेब ॲप केलं. सोयाबीन-तुरीचे भाव बघायचे, मोबाईल नंबर नोंदवायचा, बस्स. ॲप पायथनमध्ये, पीएचपीची एकही फाइल नाही. तरी पहिल्याच आठवड्यात सर्व्हरचा लॉग उघडला तर काय! कुणी ‘डब्ल्यूपी-लॉगिन डॉट पीएचपी’ मागतंय, कुणी ‘डॉट ईएनव्ही’, कुणी ‘बॅकअप डॉट एसक्यूएल’.

वाटलं, वाशिमच्या साइटला कोण ओळखतं? पण ही माणसं नसतात, बॉट असतात. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट घेतलं की साइटचं नाव सार्वजनिक नोंदीत जातं. बॉट तिथूनही नावं उचलतात आणि प्रत्येक दाराची कडी हलवून बघतात.

बहुतेक ओळींत ४०४ होतं, म्हणजे फाइल नाही. एका ओळीत मात्र २००. म्हणजे मिळाली! डेटाबेसचा बॅकअप मीच घाईत पब्लिक फोल्डरमध्ये ठेवून विसरलो होतो. त्यात लोकांची नावं आणि नंबर.

फाइल लगेच काढली, पासवर्ड बदलले. मग एकेकाला फोन केला : कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. एक काका म्हणाले, “भाऊ, माहा नंबर आता कोनाजवळ गेला?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

नंतर एनजिनएक्समध्ये नियम लिहिला. शेवटी पीएचपी, एसक्यूएल, बॅक, ईएनव्ही किंवा झिप असेल तर थेट ४०४. विनंती ॲपपर्यंत पोचतच नाही. ४०३ का नाही? त्यातून ‘आहे, पण देत नाही’ असा वास येतो. एक जपा : टिंबानं सुरू होणारं सगळं बंद करताना ‘डॉट वेल-नोन’ फोल्डर उघडा ठेवा. नाहीतर सर्टिफिकेटचं नूतनीकरण अडकू शकतं.

पण खरं सांगू? ही यादी कधीच पुरी होत नाही. उद्या त्याच फाइलचं नाव ‘एसक्यूएल डॉट ओल्ड’ झालं की ती निसटली. म्हणून आता उलटं करतो. पब्लिक फोल्डरमधून फक्त सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि चित्रं जातात, बाकी सगळं बंद. आणि बॅकअप तिथं ठेवतच नाही.

आज रात्री एवढंच करा : आपला लॉग उघडा आणि नको त्या फाइलपुढचं २०० शोधा. न सापडो, हीच इच्छा. भेटू पुढच्या भागात!