कचऱ्याची शेकडेवारी



कचरा म्हटला की दुर्गंधी, माश्या आणि रोगराई डोळ्यांपुढे येते. पण त्याच ढिगातून एक वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. त्याचे नाव मिथेन. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तो हाच. जिथे हवा पोचत नाही तिथे पालापाचोळा, उष्टे-खरकटे कुजू लागले की तो तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर वजनास वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवून धरतो. म्हणून देशोदेशींच्या जमाखर्चात कचऱ्याचे निराळे खाते असते, आणि सारे वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मांडतात.

अशी दोन खाती शेजारी ठेवू या. २०२० साली भारतातून सुमारे २९६ कोटी टन वायू हवेत गेले. त्यांत कचरा व सांडपाणी यांचा वाटा शेकडा २.५६. त्याच साली जर्मनीचे एकूण सुमारे ७३ कोटी टन, आणि कचऱ्याचा वाटा शेकडा एकाच्या आसपास. ऐकणारा चटकन म्हणेल, ‘पाहा, जर्मन माणूस आपल्यापेक्षा किती स्वच्छ!’

पण थांबा. शिक्षकमित्रांनी हे गणित फळ्यावर जरूर मांडावे. ज्या घरचा एकूण खर्च मोठा, त्या घरी मिठाचा खर्च शेकड्यात लहानच दिसणार. जर्मनीचा माणशी एकूण धूर आपल्या चौपट आहे. कचऱ्याचे आकडे माणशी वाटले, तर भारतीयाच्या वाट्याला वर्षाला चोपन्न किलोच्या आसपास येतात, आणि जर्मन माणसाच्या वाट्याला त्याहून थोडे जास्तच. शिवाय तिकडे पुष्कळसा कचरा जाळून वीज व ऊब करतात; तो धूर ऊर्जेच्या खात्यात पडतो, कचऱ्याच्या नव्हे.

मग जर्मनीकडून घेण्यासारखे काहीच नाही का? आहे, आणि मोठे आहे. १९९० साली त्यांचाही वाटा शेकडा तीनच्या घरात होता. पुढे त्यांनी कायदा केला आणि १ जून २००५ पासून घरगुती कचरा प्रक्रिया न करता जमिनीत पुरणे बंद केले. २०१५ पासून ओला कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक झाले. १९९० च्या मानाने कचऱ्यातून निघणारे वायू तीन चतुर्थांशाहून अधिक घटले. त्यांचे खाते उतरते आहे, आपले चढते. खरी तुलना ती हीच.

आपल्या खात्यात निम्म्याहून अधिक भाग सांडपाण्याचा आहे, हेही ध्यानात ठेवावे. तुंबलेले गटार हे नुसते डासांचे घर नव्हे. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा साचत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा धुराने शहर कोंदले.

खेड्यातल्या श्रोत्यांनी म्हणावे, ‘यात आम्ही काय करणार?’ तर एवढेच. ओले आणि सुके घरातच वेगळे करावे. उकिरडा दाबून न ठेवता अधूनमधून उलथावा, म्हणजे हवा खेळते, मिथेन कमी होतो आणि खतही लवकर पिकते. शेण असेल तर गोबरगॅसच्या टाकीत घालावे. वायू चुलीला मिळतो आणि मळी शेताला. शहरांनी जे कायदा करून साधायचे, त्याची रीत आपल्या परड्यात आधीपासूनच आहे.