गार पाण्यातली गजबज

अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण ऑर्कनी बेटांवर दिसतं ते बर्फ, खडक आणि पेंग्विन. मग तिथला समुद्रतळही ओसाडच असणार, असं आपण गृहीत धरतो. पण २००८ मध्ये तिथल्या प्राण्यांची मोजदाद प्रसिद्ध झाली, तेव्हा १,२००हून अधिक जाती निघाल्या, आणि बहुतेक पाण्यातल्या! कुणी म्हणेल, गोठणबिंदूच्या आसपास जीव तगणार कसा? वाढ मंदावते हे खरंच. पण गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. तिथला सागरी कोळीच पाहा. पाय पसरले की जेवणाच्या ताटाएवढा होतो. धड इतकं चिमुकलं, की आतडीसुद्धा पायांत शिरलेली. फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत. प्राणवायू थेट कातडीतून झिरपतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वाहत येणारे हिमनग उथळ तळ नांगरून काढतात. वाटेत येईल ते चिरडलं जातं, यात शंका नाही. मात्र एकाच वेळी सगळा तळ नांगरला जात नाही. ताज्या चरांत नवे प्राणी बस्तान बसवतात, शेजारी जुने स्पंज टिकून असतात. कुठलीच एक जात सगळी जागा बळकावू शकत नाही.